शाळेत समानता आणायचीय? पोस्टर राहू दे, आधी आठवडाभर नुसतं बघा

शाळेची सहल पंचवटीत गेली की कार्यक्रम ठरलेला असतो, रामकुंड, सीता गुंफा, काळाराम मंदिर, मग कुठेतरी सावली बघून डबे उघडायचे आणि परत बसमध्ये. मीही सहावीत अशीच गेले होते. काळारामाच्या दारात चपला काढल्या, रांगेत उभं राहिलो, आत गेलो, बाहेर आलो, झालं. याच दारापुढे २ मार्च १९३० ला दलितांना मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं उभी होती, बायका पण होत्या, आणि हे सगळं जमवणारे दादासाहेब गायकवाड आपल्याच दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे, हे तिथे कोणी सांगितलं नाही. सत्याग्रह चार-पाच वर्षं रेटला तरी दार काही उघडलं नाही, मग १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली. मला हे कळलं नववीत, ते पण बेंचवर शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीकडून, तिचे पणजोबा त्या गर्दीत होते म्हणून.

आता हे का सांगतेय, तर माझा मावसभाऊ यंदा नववीत गेलाय, परवा म्हणाला ताई आम्हाला शाळेत समानतेवर उपक्रम करायचाय, काय करू, पोस्टर की पथनाट्य? मी म्हटलं दोन्ही नको. मग त्याला जे तासभर सांगितलं ते इथे टाकतेय, त्याच्यासारखे अजून असतील. मी काही एक्सपर्ट नाही, नाशिकरोडला शाळेत असताना आम्ही सात-आठ जणांनी दोन वर्षं हे केलंय, बरंच फसलं, थोडं जमलं.

पोस्टरवर माझा राग का आहे ते आधी सांगते. आमच्या शाळेत समानता या विषयावर पोस्टर स्पर्धा झाली. त्या दिवशी हॉलमधले बेंच उचलायला मुलांना पाठवलं आणि मुलींना रांगोळी काढायला आणि पाहुण्यांना औक्षण करायला बसवलं. पहिला नंबर आला त्या पोस्टरवर मुलगा आणि मुलगी एकाच तराजूत उभे होते. रंगकाम खरंच सुंदर होतं हां, पण ज्या पोरीने ते काढलं तिला बक्षीस घ्यायला यायला उशीर झाला कारण ती रांगोळीवर होती. तेव्हा कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, मला पण नाही, घरी जाऊन आईला सांगताना मध्येच थांबले.

म्हणून सुरुवात बघण्यापासून.

एक वही घ्या आणि एक आठवडा वर्गात फक्त मोजा. कोणाचं नाव लिहू नका, नुसत्या रेघा मारा. सरांनी प्रश्न विचारल्यावर उत्तर द्यायला कोणाला उठवलं, पुढच्या बेंचवरचे किती आणि मागचे किती, मुलं किती मुली किती. पीटीच्या तासाला बॉल कोणाच्या हातात आणि कोण झाडाखाली बसून. फळा कोण पुसतं, पाणी आणायला कोणाला पाठवतात, वर्ग झाडायला कोण आणि परिपाठात माइकवर कोण. डबा एकटं कोण खातं. हे शेवटचं मोजताना पोटात कसंतरी होतं, तरी मोजा. आमच्या वहीत आठवड्याच्या शेवटी परिपाठाच्या पानावर सगळ्या रेघा चारच पोरांच्या होत्या, त्यातली एक मी. म्हणजे बघा, मला वाटत होतं मी हुशार म्हणून माइकवर असते, पण बाकीच्या पन्नासेक पोरांना कधी कोणी विचारलंच नव्हतं.

ही वही फार कामाची असते कारण नंतर सर म्हणतात आमच्या वर्गात असलं काही नाही, तेव्हा भांडायचं नाही, वही पुढे करायची.

ग्रुपमध्ये कोण घ्यायचं

सगळ्यात मोठी चूक इथेच होते, मॉनिटर, स्कॉलर आणि वक्तृत्ववाले मिळून समिती करतात. तशी केली तर ती वहीतल्या चार पोरांचीच समिती होणार ना. आम्ही पहिल्या महिन्यात तेच केलं. मग एक मुलगा ज्याला सगळे उनाड म्हणायचे तो आला आणि म्हणाला तुम्ही समानतेचं करताय तर मागच्या तीन बेंचमधून एक तरी घ्या की. घेतला. नंतर निम्मी कामं त्यानेच केली, शिपाईकाकांपासून बसच्या ड्रायव्हरपर्यंत त्याची ओळख होती.

सहा ते आठ जण पुरे. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांतून आलेलं एखादं, वसतिगृहात राहणारं एखादं, हातपाय किंवा डोळे-कान यांची अडचण असलेलं कोणी तयार असेल तर ते, आणि मुली निम्म्या. पण कुणालाही तू अमुक आहेस म्हणून ये असं म्हणू नका प्लीज, त्याच्यासारखं वाईट काही वाटत नाही. तू आमच्यासोबत करशील का, एवढंच.

आणि मीटिंग शाळा सुटल्यावर ठेवू नका. आम्ही साडेपाचला ठेवायचो आणि गिरणारेकडची पोरं कधी यायची नाहीत, आम्ही म्हणायचो यांना इंटरेस्ट नाही. अरे त्यांची एसटी जायची! मधल्या सुट्टीत ठेवली तर सगळे हजर. डबा खाता खाता होते मीटिंग, मिनिट्स वगैरे लिहायची गरज नाही.

एक शिक्षक सोबत हवेत, एकच, पण असे जे स्टाफरूममध्ये तुमच्या बाजूने बोलतील. आमच्या चित्रकलेच्या मॅडम होत्या. आणि शाळेत आधीपासून काय आहे ते विचारून घ्या, बऱ्याच जिल्हा परिषद शाळांत मीना राजू मंच (मुलामुलींच्या समानतेसाठीचा विद्यार्थ्यांचा गट) असतो, कुठे शालेय मंत्रिमंडळ असतं, कागदावर तर असतंच, त्यातच घुसा, नवीन नाव नवीन लोगो यात महिना घालवू नका. झेडपी, महापालिका आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, त्यात पाऊण सदस्य पालक असतात आणि आपल्याकडे विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी पण घेतात, मत देता येत नाही त्यांना पण बोलता येतं. तुमचा प्रतिनिधी कोण हे वर्गात विचारून बघा, कोणालाच माहीत नसणार, कधीकधी त्या प्रतिनिधीला पण नाही.

आमचा पहिला अर्ज

हे जरा सविस्तर सांगते कारण अख्खी पद्धत यातच कळेल.

दरवर्षी शिष्यवृत्तीचे फॉर्म आले की वर्गात सर कागद घेऊन यायचे आणि म्हणायचे एससी-एसटीवाले उभे रहा, मग ओबीसी, मग एनटी. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं हे मी आजही म्हणेन, त्यांना घाई होती आणि माहिती वर पाठवायची होती. माझी ती मैत्रीण, पणजोबावाली, उठलीच नाही. सरांनी यादीत बघून नाव घेतलं, तेव्हा बेंचची कड धरून उठली, आणि मागून कोणीतरी हळू आवाजात म्हणालं, हिला पण मिळतात होय पैसे. सरांना ऐकू गेलं नाही. मला गेलं. तिच्या हातातल्या पेनचं टोपण ती काढत होती आणि लावत होती, काढत होती आणि लावत होती, फॉर्म हातात येईपर्यंत. पुढच्या वर्षी तिने फॉर्म भरलाच नाही, घरी सांगितलं की यंदा आले नाहीत.

आम्ही काय केलं, तर भाषण नाही केलं, एक पानाचा अर्ज लिहिला. प्रति मा. मुख्याध्यापक, विषय शिष्यवृत्तीची सूचना वर्गात नावं किंवा प्रवर्ग न वाचता देण्याबाबत. खाली तीनच गोष्टी. सूचना अख्ख्या वर्गाला एकत्र द्यावी, सगळ्या योजनांची एकदमच. ज्यांना फॉर्म हवा त्यांनी मधल्या सुट्टीत ऑफिसमधून न्यावा. पालकांना मेसेज शाळेतून जावा. मैत्रिणीचं नाव नाही, सरांचं नाव नाही, कुणावर आरोप नाही. सही सात जणांची. लिहायच्या आधी तिला विचारलं मात्र, चालेल का म्हणून, आणि तिने दोन दिवस घेतले हो म्हणायला.

अर्जाच्या कायम दोन प्रती न्या, एक ऑफिसात द्यायची आणि दुसरीवर क्लार्ककाकांकडून आवक नंबर आणि शिक्का घ्यायचा. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. आणि एका अर्जात एकच मागणी, नाहीतर सगळ्यात सोपी असेल ती मान्य होते आणि बाकीच्या गायब. खर्च शून्य असलेली मागणी आधी निवडा. पैसे लागले की संस्थेकडे जातं आणि संस्थेकडे गेलं की तुम्ही दहावी पास होऊन निघून जाता. आमचा अर्ज पंधरा दिवसांत मान्य झाला, क्लार्ककाका तर म्हणाले बरं झालं, मला पण वर्गावर्गात फिरायला लागायचं नाही.

ज्याच्यासाठी करताय त्याला विचारा

हे आम्ही आपटून शिकलो. आमच्या तुकडीत एक मुलगा कुबड्या घेऊन यायचा, वर्ग दुसऱ्या मजल्यावर. आम्ही काय केलं, मदत करायची म्हणून आठवड्याचं टाइमटेबल लावलं, सोमवारी हे दोघं त्याचं दप्तर घेणार, मंगळवारी ते दोघं, तक्ता करून वर्गात चिकटवला पण. तो दोन दिवस गप्प, तिसऱ्या दिवशी तक्ता फाडला आणि म्हणाला, माझ्या दप्तराचं काय घेऊन बसलात, मला वर्ग खाली पाहिजे. किती साधं! खालच्या मजल्यावर सहावीचा वर्ग होता, सहावीची पोरं उड्या मारत वर जातात. अर्ज, एक मागणी, वर्गाची अदलाबदल. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, त्यात शाळेने इमारत वापरता येईल अशी करावी असं स्पष्ट आहे, ते एक वाक्य आम्ही अर्जात टाकलं, मॅडमने सांगितलं म्हणून. जून उजाडला तेव्हा आमचा वर्ग खाली होता. सहावीवाले खूश, त्यांना गच्चीचा जिना मिळाला.

याला जोडूनच अजून एक, ज्यांना वाचायला लिहायला खरंच जड जातं अशी पोरं वर्गात असतात आणि सगळे त्यांना ढ म्हणतात. त्यांना प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो, तासाला २० मिनिटं, आणि गरज असेल तर लेखनिक पण. पण हे प्रमाणपत्र सरकारी दवाखान्यातून काढावं लागतं, दहावीच्या जानेवारीत धावपळ करून होत नाही, आठवी-नववीत सुरू करा असं त्यांच्या आईबाबांना वर्गशिक्षकांकडून सांगायला लावा. आणि लेखनिक लागतो खालच्या इयत्तेतला, म्हणजे दहावीच्या पोरांसाठी नववीची पोरं, तर तुमच्या ग्रुपने अक्षर चांगलं असलेल्या पाचसहा जणांची यादीच करून ऑफिसात द्या. समानतेवर दहा भाषणं ऐकली असतील तुम्ही, हे एक काम त्या दहावर भारी आहे.

भाषा आणि तो आदिवासी डान्स

नाशिकच्या शाळेत किती भाषा असतात मोजलंय कधी? सटाणा-मालेगावकडची पोरं घरी अहिराणी बोलतात, पेठ-सुरगाण्याकडची कोकणी (आपल्या रत्नागिरीवाली नव्हे, कोकणा समाजाची), जुन्या नाशकात, वडाळ्यात उर्दू, सातपूर-अंबडला कंपन्यांमुळे आलेल्या घरांत भोजपुरी. आणि वर्गात एखाद्याच्या तोंडून आहेच्या जागी शे निघालं की अख्खा वर्ग खिदळतो. युपीच्या पोराला भैय्या. मुसलमान पोराला मॅचच्या दिवशी तू कोणाकडून. हे विचारणारे म्हणतात मजाक आहे. मजाक असेल तर दोघं हसायला पाहिजेत ना, इथे तर एकच बाजू हसते.

आम्ही परिपाठात सुविचाराच्या जागी आठवड्यातून एकदा एका भाषेतली एक म्हण किंवा कोडं सुरू केलं, सांगणाऱ्याने हवं तर घरून आजीला विचारून आणायचं. तीन आठवडे कोणी पुढे आलं नाही, मग एक अहिराणीवाला आला आणि त्याने असलं भारी कोडं घातलं की पीटीचे सर पण अडकले. मग रांग लागली. जबरदस्ती नको मात्र, काहींना घरची भाषा शाळेत नकोच असते, त्यांचा प्रश्न.

गॅदरिंगचं वेगळंच. दरवर्षी एक आदिवासी नृत्य असतंच, पानांचे घागरे, तोंडाला काळा रंग, झिंगालाला. आमच्या शाळेत वसतिगृहाच्या पोरी होत्या सुरगाण्याच्या, त्यांना विचारलं तेव्हा एक म्हणाली, ताई आमच्याकडे असं कोणीच घालत नाही, आम्हाला बघताना लाज वाटते. मग तुम्ही सांगा काय करायचं ते, म्हटल्यावर त्यांनी पावरीवरचा (पावरी म्हणजे तोंडाने फुंकून वाजवायचं वाद्य) नाच बसवला, पावरी वाजवायला तिच्या काकांना बोलावलं, बोहाड्याच्या, म्हणजे देवादिकांची सोंगं नाचवायच्या उत्सवाच्या, मुखवट्यांबद्दल एकीने दोन मिनिटं माहिती सांगितली. काळा रंग त्या वर्षापासून बंद. वर्षभर आधी हेच आम्ही त्यांच्यावतीने बोलायला गेलो असतो तर चुकीचंच काहीतरी बोललो असतो.

बाकी बारीकसारीक, पटापट

हजेरीत मुलं १ ते ३० आणि मुली ३१ पासून असं असेल तर आडनावाने एकत्र करा म्हणून सांगा, पैसे लागत नाहीत. पीटीला बॉल आणि मैदान वारांवर वाटून घ्या, सोमवार मुली बुधवार मुलं असं नाही, मिक्स टीम. झाडणं, पाणी, माइक, औक्षण, बेंच उचलणं सगळ्याचं एकच चिठ्ठ्यांचं डबडं, ज्याची चिठ्ठी निघेल तो करेल.

मुलींच्या टॉयलेटच्या दाराला कडी आहे का ते बघा. हसू नका, आमच्याकडे नव्हती, त्यामुळे कितीतरी मुली दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत. कडी किती रुपयांची येते.

डब्यात अंडं किंवा मटण आणलं म्हणून कोणी बेंच हलवलं तर त्या हलवणाऱ्याला समजवायला जाऊ नका, तुम्ही जाऊन रिकाम्या बेंचवर बसा, झालं. तुम्ही खात नसाल तर खाऊ नका, बसायला काय जातं.

द्राक्षाच्या सीझनला पेठ, सुरगाण्याकडची कुटुंबं दिंडोरी, निफाडला बागांवर कामाला येतात, ऑक्टोबरच्या छाटणीला आणि मग काढणीला, पोरं पण सोबत. तुमच्या वर्गातलं कोणी असं दीड महिना गायब झालं तर ते दांडी मारत नाहीये. वह्यांचे फोटो काढून ठेवा, परत आल्यावर कुठे होतास रे असं सगळ्यांसमोर विचारू नका. शिक्षकांना शिक्षण हमी पत्रकाबद्दल विचारा, ते घेऊन गेलं तर त्या गावच्या शाळेत बसता येतं.

जे तुमचं काम नाही

कोणी मारतंय, नको तिथे हात लावतंय, कोणाचं लग्न ठरवतायत, असं काही कानावर आलं तर ग्रुपमध्ये चर्चा नको, इन्स्टावर स्टोरी तर अजिबात नको. विश्वासाच्या मोठ्या माणसाला लगेच सांगा नाहीतर १०९८ ला फोन करा, फुकट आहे, रात्री पण लागतो. शाळांमध्ये आता सखी सावित्री समिती (मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची) असते आणि तक्रारपेटी असायलाच हवी, पेटी कुठे लावलीय ते मात्र बघा. आमची मुख्याध्यापकांच्या केबिनच्या काचेसमोर होती, कोण टाकणार चिठ्ठी? आम्ही ती जिन्याच्या वळणावर हलवून घेतली आणि पहिल्याच आठवड्यात अकरा चिठ्ठ्या. तीन तर नुसत्या पंख्याबद्दल होत्या, ते चालतंच.

जातीवरून शिवी दिली तर तेही तुमच्या पातळीवर मिटवून टाकू नका. दोघांना हात मिळवायला लावून विषय संपवायची मोठ्यांना फार हौस असते. ज्याला शिवी बसली त्याला आधी विचारा, त्याला पुढे न्यायचं असेल तर लेखी द्या आणि पोच घ्या.

टिंगल समोर चालली असेल तर एवढंच करा, चिडवणाऱ्याला काही बोलू नका, ज्याला चिडवतायत त्याला दुसरंच काहीतरी विचारा, गणिताचं झालं का, चल पाणी प्यायला. हिरोगिरी केली की दुसऱ्या दिवशी त्यालाच जास्त भोगावं लागतं, हे आमच्या त्या उनाडाने शिकवलं, त्याला चिडवणं आणि चिडणं दोन्हीचा अनुभव होता.

सगळं टिकत नाही हे पण सांगून ठेवते. आम्ही दहावी होऊन निघालो आणि दुसऱ्या वर्षी नवीन वर्गशिक्षक आले, त्यांनी परत कागद घेऊन वर्गात विचारलं एससी-एसटीवाले कोण कोण. पण आम्ही निघताना सगळ्या अर्जांच्या पोच लावलेली फाइल चित्रकलेच्या मॅडमकडे ठेवली होती. नववीच्या पोरांनी ती मागून घेतली, आमचाच अर्ज परत लिहिला, तारीख बदलली, खाली सह्या बदलल्या, आणि मॅडमने फोन करून सांगितलं की विषयाच्या ओळीत शिष्यवृत्ती हा शब्द तुम्ही चुकीचा लिहिला होता, तो पण त्यांनी सुधारला. अक्षर माझं होतं.